सांगली-मिरज रस्ता आणि शंभर फुटीला सायकलींसाठी वेगळा ट्रॅक: हवा की नको?

विश्रामबागकर:
नमस्कार मंडळी. आमच्या कट्ट्यावर सध्या एकच वाद चाललाय, म्हटलं इथं टाकावा म्हणजे डोकी फुटायची ती ऑनलाईन फुटतील. विषय असा की सांगली-मिरज रस्ता आणि शंभर फुटी, या दोन रस्त्यांच्या कडेला सायकलींसाठी वेगळी लेन असावी का. वेगळी म्हणजे नुसता पांढरा पट्टा मारून आत सायकलचं चित्र काढलेली नव्हे, तिच्यावर दुसऱ्या दिवशी वडापची जीप उभी राहतेय. मधे कठडा किंवा झाडांची पट्टी असलेली, चारचाकी आत चढूच शकणार नाही अशी.

आपलं गाव सपाट आहे हो. पुष्पराज चौकातनं मिरजेपर्यंत गेलात तरी चढ म्हणावा असा चढ नाही. विलिंग्डन, वालचंद, विजयनगरचं कलेक्टर ऑफिस, कोर्ट सगळं एका ओळीत. आणि तरी पोरगं अकरावीला गेलं की पहिली मागणी गाडीची, आणि आईबाप देतात पण, कारण सायकलवर पाठवायला जीव धजत नाही, लायसन नसलेल्या पोराला गाडीवर पाठवायला मात्र धजतो, हे गणित मला अजून सुटलेलं नाही. माझं मत ट्रॅक हवा. कट्ट्यावर मी एकटा पडलोय. बोला.

रोकडा_सवाल:
नको. शंभर फुटीला दुकान हाय माझं, हार्डवेअरचं, म्हणून सांगतोय. गिऱ्हाईक दारात गाडी लावतंय, पाईप, एल्बो, टी घेतंय आणि जातंय. मधे कठडा घातलासा तर माल उतरायला टेंपो कुठं लावायचा? माझ्या डोक्यावर? ज्यांना हौस हाय ती माणसं पहाटे हेल्मेट घालून महागाच्या सायकली घेऊन फिरत्यातच की, त्यांना कोण आडवलंय. त्यांच्यासाठी आमच्या पोटावर पाय कशाला.

भडंग:
लोक पॉपकॉर्न घेऊन बसतात, मी माझ्या नावाला जागून बसलोय. चालू द्या.

आयर्विन१९२९:
आमच्या वेळी सायकलला नगरपालिकेचा बिल्ला लागायचा, पत्र्याचा, दरवर्षी नवा. रात्री दिवा नसला की पोलीस हवा सोडायचा, डबलसीट दिसलं की उतरवायचा. तासावर भाड्याने सायकल मिळायची, आख्खं बालपण त्याच सायकलींवर, तिरकं पाय घालून, नळीखालनं. ट्रॅक बिक काही नव्हता कारण आख्खा रस्ताच सायकलींचा होता, मोटार आली तर मोटार हॉर्न वाजवत थांबायची. आता जागा तेवढीच राहिली आणि मालक बदलला. एवढंच.

पुणेकर_सध्या:
मूळचा गावभागातला, सध्या पुण्यात. विश्रामबागकर काका, तुमची कळकळ पटते पण एकदा पुण्यात येऊन बघून जा आणि मग बोला. सातारा रस्त्यावर २००६ साली बीआरटी, म्हणजे बसची वेगळी लेन, आली तिच्याबरोबर सायकल ट्रॅक पण आले. कसे, तर पेव्हर ब्लॉकचे. थोडं पुढं गेलं की मधेच विजेचा डीपी, तो चुकवला की झाड, मग बसस्टॉपची मागची बाजू, मग ट्रॅक एकदम संपतो आणि फूटभर खाली उडी मारा, गल्ली ओलांडा, परत वर चढा. चढायला उतार केलाय पण त्या उताराच्या तोंडाशी वडापावची गाडी. मग सायकलवाला आपला मुकाट मेन रोडनं जातो, आणि मग तेच लोक म्हणतात बघा, ट्रॅक दिला तरी वापरत नाहीत.

२०१७ ला महापालिकेनं आख्ख्या शहराचा सायकल आराखडा मंजूर केला, त्याच सुमाराला भाड्याच्या पिवळ्या-नारंगी सायकली आल्या, फोटो निघाले, आणि थोड्याच काळात गायब पण झाल्या. कागदावर पुणं हॉलंडच्या पुढं आहे.

रोकडा_सवाल:
बघा. एवढ्या मोठ्या पुण्यात जमलं नाही आणि आपण सांगलीत करणार.

काटेकोर:
पुण्यात जमलं नाही कारण तो ट्रॅक नव्हताच, फूटपाथला दिलेलं दुसरं नाव होतं. मी सिव्हिलवाला, रस्त्यांच्या कामात वर्षं गेली, थोडं लांबेल पण वाचा.

शंभर फूट म्हणजे साडेतीस मीटर. आता मांडणी करा. दोन्ही दिशांना मिळून चार लेन, प्रत्येकी सव्वातीन मीटर, झाले १३. डिव्हायडर १.२. दोन्ही बाजूंना २ मीटरचा ट्रॅक आणि त्याच्या बाजूला अर्धा मीटर मोकळी पट्टी, झाले ५. दोन्हीकडं २ मीटर फूटपाथ, ४. बेरीज २३.२. उरले सात मीटरच्या वर, म्हणजे एकेका बाजूला साडेतीन मीटर, त्यात पार्किंग, झाड, गटार आणि रोकडा साहेबांचा टेंपो पण बसतो. क्रम महत्त्वाचा: आधी चालता रस्ता, मग पार्किंग, मग अर्ध्या मीटरची पट्टी, मग सायकल, मग फूटपाथ. म्हणजे लावलेल्या गाड्याच सायकलवाल्याची भिंत होतात. अर्धा मीटर कशाला, तर गाडीचं दार उघडलं की सायकलवाला त्यावर आदळू नये म्हणून. आपल्याकडं नेमकी ती पट्टीच कापतात, जागा वाया जाते म्हणून.

आणि हे काही परदेशी खूळ नाही. इंडियन रोड काँग्रेसचं सायकल ट्रॅकवरचं पुस्तक, आयआरसी ११, १९६२ सालचं आहे, २०१५ ला सुधारलं. १९६२ च्या पुस्तकातच लिहिलंय की रस्त्यावर तासाला दोनशेच्या वर मोटारगाड्या असतील तर गर्दीच्या तासाला १०० सायकली असल्या तरी वेगळा ट्रॅक योग्य ठरतो. मिरज रस्त्याला दोनशे गाड्या व्हायला तास लागत नाही.

रोकडा_सवाल:
नकाशावर शंभर फूट. प्रत्यक्षात टेप लावा एकदा. पुढं आलेल्या पायऱ्या, पत्रे, गॅरेजवाल्यांच्या उघड्या पडलेल्या गाड्या, ते धरून बोला. आणि माझीबी पायरी पुढं हाय, आधीच सांगतो, न्हाईतर कोणतरी फोटो टाकंल.

भडंग:
प्रामाणिकपणाबद्दल रोकडा साहेबांना एक पाकीट माझ्याकडनं.

मिरजेची_सून:
मी सायकल चालवते. हौस म्हणून नाही, ड्युटीला जायला. मिरजेत नर्स आहे, माहेर सांगलीत त्यामुळं हा रस्ता दोन्हीकडनं पाठ आहे. सगळे पुरुष मंडळी मीटर मोजताय म्हणून लिहावंसं वाटलं.

सायकलवाल्याला रस्त्याचा कोणता भाग मिळतो ते सांगते. डांबर संपतं ती कडा, तिथं दोन-तीन बोटं खाली उतार असतो, आत उतरलं की चाक वाळूत फसतं आणि परत वर घ्यायला गेलं की घसरतं. त्या कडेलाच चेंबरची झाकणं, काही वर आलेली काही खाली गेलेली. त्याच कडेला रिक्षा पॅसेंजर घ्यायला आडवी घुसते, मागं न बघता. म्हणून मग कडा सोडून जरा आत चालवावं तर मागनं हॉर्न, आणि कोणतरी हमखास म्हणणार, ओ बाई कडेनं घ्या की. ऊस चालू झाला की दोन-दोन ट्रॉल्यांचे ट्रॅक्टर, मागची ट्रॉली डुलत येते, तिला ना रिफ्लेक्टर ना लाईट. पहिली पुढं गेली म्हणून आपण आत येतो आणि दुसरी अंगावर येते. मैत्रिणीला असंच लागलं, पाय मोडला, नंतर तिनं स्कूटी घेतली. ती आता सायकलवाल्यांना हॉर्न मारते, मी सांगितलं तिला तसं.

मला रस्ता सुंदर नको, झाडं नंतर लावा. मागं न बघता चालवता आलं पाहिजे, बस.

विश्रामबागकर:
ताई, धाग्याचं सार्थक झालं.

आइंडहोवनचा_बंडू:
मी विश्रामबागचाच, सध्या नेदरलँड्समध्ये नोकरीला. लोकांना वाटतं इथं पहिल्यापासून सगळे सायकलवर. अजिबात नाही. युद्धानंतर इथंही गाड्या वाढल्या, रस्ते रुंद झाले, सायकली कमी होत गेल्या. १९७१ साली एवढ्याशा देशात ३,००० च्या वर माणसं रस्त्यावर मेली, त्यात ४०० हून जास्त लहान मुलं. मग आईबाप रस्त्यावर उतरले, 'मुलांचे खून थांबवा' असं आंदोलनाचं नावच होतं. १९७३ ला तेलाचा तुटवडा आला, रविवारी मोटारी बंद ठेवल्या, लोकांना मोकळा रस्ता बघायला मिळाला. त्यानंतर सरकारनं टिलबर्ग आणि हेग या दोन शहरांत नमुन्यादाखल एकेक ट्रॅक बांधला. हेगमध्ये दुकानदारांनी प्रचंड विरोध केला, कारण अगदी रोकडा काकांचंच, गिऱ्हाईक येणार नाही.

गंमत म्हणजे त्या एकेकट्या ट्रॅकनी सायकली फारशा वाढल्या नाहीत. वाढल्या त्या डेल्फ्टमध्ये पुढं जाळं केलं तेव्हा, घरापासून शाळेपर्यंत सलग. म्हणून एका मिरज रस्त्यानं चमत्कार होईल असं नाही, विश्रामबागच्या गल्लीतनं मुख्य रस्त्यापर्यंत पोरगी कशी येणार हे पण बघावं लागेल.

रोकडा_सवाल:
बंडू, तिथं थंडी हाय बाळा. इथं एप्रिलमध्ये दुपारी सायकलवर बस आणि मग हॉलंडचं सांग. सांगली म्हणजे तवा.

आइंडहोवनचा_बंडू:
काका, मग स्पेनमधलं सेव्हिल घ्या. उन्हाळ्यात चाळीस अंश नेहमीचं. तिथं २००६-०७ मध्ये ८० किलोमीटरचे वेगळे ट्रॅक एकदम बांधले, थोडे थोडे करून नव्हे, आणि त्यासाठी पार्किंग काढलं. आधी सायकलीचा वाटा शंभरात एक पण नव्हता, काही वर्षांत सहाच्या आसपास गेला. तापमान तेच होतं.

साताऱ्याचा_चढ:
शेजारधर्म म्हणून डोकावलो. तुम्ही सपाट गाववाले नशीबवान आणि तरी भांडताय. आमच्याकडं पोवई नाक्यावरनं राजवाड्याकडं सायकल मारून दाखवा, मग ट्रॅक काय, आम्ही हार घालू. आमच्या नाक्यावर २०२१ ला ग्रेड सेपरेटर झाला, गाड्या जमिनीखालनं जातात, सायकलवाला आणि चालणारा मात्र आपला वरती, वाट काढत. पैसा कुणाच्या सोयीला आधी निघतो ते त्यात दिसतं, बाकी गावात काय निराळं असणार.

भडंग:
सातारकरांनी धाग्यात येऊन चढाचं कौतुक केलं नाही असं आजवर झालेलं नाही.

पुणेकर_सध्या:
मूळ अडचण कुणी बोलेना. हॉलंड, स्पेन ठीक, पण तिथं मोटारसायकली एवढ्या नाहीत. आपल्याकडं सगळी रहदारीच दुचाकीची. कठड्यानं चारचाकी अडते, स्प्लेंडर नाही अडत. खांब रोवले तरी सायकल जिथनं जाते तिथनं मोटारसायकल पण जाते, हॅंडलच्या रुंदीत फरक तो किती. आणि खांब जवळजवळ रोवले तर दूधवाल्याची कॅन लावलेली सायकल आणि अपंगांची तीनचाकी, नेमकी तीच अडकणार. बेंगळुरूला रिंग रोडवर प्लॅस्टिकचे खांब रोवून लेन केली होती २०२० ला, ते खांबच मोडले, उपटले गेले.

काटेकोर:
हा खरा प्रश्न. पूर्ण इलाज नाही, खोटं बोलत नाही. पण मोटारसायकलवाला ट्रॅकमधे कधी शिरतो? रस्ता तुंबला की, आणि उलट्या दिशेनं जायचं असलं की. आपल्याकडं डिव्हायडरला तोंड लांब लांब ठेवतात, मग पलीकडच्या दुकानात जायला वळसा कोण घालणार, माणूस राँग साईडनं येतो. म्हणजे ट्रॅकची शिस्त अर्धी डिव्हायडरच्या तोंडांवर ठरते. उरलेली अर्धी चौकात.

अपघात बहुतेक चौकात आणि गल्लीच्या तोंडाला होतात, सरळ रस्त्यावर कमी. आपण डावीकडनं चालतो, ट्रॅक डाव्या कडेला, त्यामुळं डावीकडं वळणारा ट्रक सायकलवाल्याला सरळ कापतो, त्याच्या आरशात सायकलवाला दिसतच नाही. म्हणून गल्लीच्या तोंडाशी ट्रॅक खाली उतरवायचा नसतो, तो तसाच उंचीवर पुढं न्यायचा आणि गाडीनं त्यावर चढून, वेग कमी करून जायचं, स्पीडब्रेकरसारखं. चौकातला फ्री लेफ्ट, म्हणजे सिग्नलला न थांबता डावीकडं वळायची मुभा, बंद करायचा, कोपऱ्यावर छोटं बेट करायचं म्हणजे ट्रकला मोठा वळसा घेऊन हळू यावं लागतं. टेंडरमधे मात्र किलोमीटर मोजले जातात, चौक कुणी मोजत नाही. चौकाच्या अलीकडं ट्रॅक सोडून देतात आणि चौकाच्या पलीकडं परत धरतात. जिथं मरायची भीती सगळ्यात जास्त, तिथं सायकलवाला देवाच्या भरवशावर.

आयर्विन१९२९:
पाण्याचं काय करणार? २०१९ ला कृष्णेच्या आयर्विन पुलाला ५७ फुटांच्या वर पाणी गेलं होतं, ते सोडा, साध्या वळवाच्या पावसात शामरावनगरची अवस्था बघा. सलग कठडा घातलात तर रस्त्यावरचं पाणी अडून बसंल. आणि ही काळी माती, पावसात फुगते उन्हाळ्यात भेगाळते, पेव्हर ब्लॉक वर्षात लाटा मारायला लागतात. पुढाऱ्यांना ब्लॉक आवडतात हे मला ठाऊक आहे, कारण विचारू नका.

काटेकोर:
काका बरोबर. कठडा तुटक ठेवायचा, मधून फट, पाणी गटारीकडं जायला. आणि ट्रॅक ब्लॉकचा नको, डांबराचा किंवा काँक्रीटचाच, खाली मुरूम नीट दाबून. ब्लॉकवर सायकल चालवणाऱ्याचं कंबरडं खिळखिळं होतं, म्हणून तो खाली उतरतो. सायकलला शॉकॲब्सॉर्बर नसतो हे ब्लॉक बसवणाऱ्याला कुणीतरी सांगा.

वेल्डर_कुपवाड:
मी कुपवाड एमआयडीसीत वेल्डिंगला हाय, संजयनगरातनं सायकलनं जातो. इथं नुसतं वाचत असतो. तुम्ही सगळी मिरज रोडचं बोलायलाय. आमच्या शेडमधली जी माणसं सायकलवर येत्यात ती मिरज रोडला जात बी नाहीत. सकाळी सातला आणि दुपारी तीनला कुपवाडच्या रस्त्याला उभं राहून बघा, डबा लावलेल्या सायकलींची रांग असती. ती माणसं हौसेची नाहीत, पेट्रोल परवडत नाही म्हणून सायकल. त्यांना कोण विचारलंय? ट्रॅक करायचा असला तर तिथनं चालू करा.

आणि लाईट पायजे. रात्री अकराची शिफ्ट सुटल्यावर कठड्याच्या पलीकडं अंधारात कुत्री लागली तर माणूस पळणार कुठं. रस्त्यावर निदान गाड्यांचा उजेड असतोय.

मिरजेची_सून:
दादा, हे कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. अंधाराचं तर मला रोज जाणवतं, मोकळा एकटा ट्रॅक म्हणजे बाईमाणसाला वेगळीच धास्ती. नाईट असली की मी सायकल ठेवते आणि रिक्षानं जाते.

विश्रामबागकर:
वेल्डर भाऊ, मी मिरज रस्ता धरला कारण कॉलेजं आणि ऑफिसं तिथं, पण तुमचं म्हणणं वजनदार आहे. पण मला एक भीती वाटते. कुपवाडच्या रस्त्याला ट्रॅक करा म्हटलं तर कुणी ऐकणार नाही, मिरज रस्ता दिसतो, फोटोत येतो, म्हणून तिथला होण्याची शक्यता जास्त. आधी दिसणारा करून घ्यावा आणि मग पुढं ओढावा असं माझं गणित.

वेल्डर_कुपवाड:
सर, आधी दिसणारं करायचं आणि मग आमचं, हे आम्ही लई ऐकलंय.

भडंग:
आता भडंग पण गिळवेना. वेल्डर दादांना +१.

रोकडा_सवाल:
ह्याचं पटलं मला. कामाला जाणाऱ्या माणसाला वाट पायजे, त्याला माझा विरोध न्हाई. माझ्याकडचा हमाल सायकलनंच येतोय. पण मग कुपवाड रोडला करा की, शंभर फुटीला कशाला.

मिरजेची_सून:
काका, तुमचा हमाल शेवटी शंभर फुटीवरच येतो ना.

रोकडा_सवाल:
...बोला वैनी, बोला.

काटेकोर:
भांडण आकड्यावर आणू या. आयआरसीचा निकष गर्दीच्या तासाचा आहे, तर मोजून बघू. एक गट कुपवाडच्या रस्त्याला शिफ्टच्या वेळी, एक विलिंग्डनच्या समोर कॉलेजच्या वेळी, एक शंभर फुटीला संध्याकाळी. नुसत्या सायकली नाही, कुठल्या बाजूनं आल्या, बाई की पुरुष, युनिफॉर्ममधे की कामाच्या कपड्यात, किती राँग साईडनं, हे वेगळं लिहायचं. कागद मी करून आणतो. निवेदन द्यायचं तर मग द्या, पण हातात आकडे नसतील तर फाईलवर नुसता शेरा येतो, 'नोंद घेतली'.

वेल्डर_कुपवाड:
मी तीनला सुटतो, कुपवाडच्या रस्त्याला थांबतो. अजून दोघांना आणतो.

विश्रामबागकर:
विलिंग्डनच्या समोर मी. रिटायर माणूस, वेळच वेळ.

रोकडा_सवाल:
मोजायचंच हाय तर माझ्या दुकानापुढच्या गाड्याबी मोजा. मी सांगतो कुठली गिऱ्हाइकाची. निम्म्या गाड्या वरच्या मजल्यावरच्या लोकांच्या असत्यात, सकाळी लावत्यात ते संध्याकाळी काढत्यात, आणि माझं गिऱ्हाईक पलीकडं लावून चालत येतंय. एकदा एकाला बोललो तर म्हणतोय रस्ता काय तुझ्या बापाचा हाय. त्या गाड्या हटल्या तर कठड्याचं बघू. पण टेंपोला जागा आधी, ते लिहून द्या.

काटेकोर:
लिहून द्यायला मी काय आयुक्त आहे? पण मोजणीत टेंपोचा रकाना घालतो, किती वेळ थांबला ते पण. रस्त्याची रुंदी मोजायला टेपचं दुसरं टोक धरायला माणूस पाहिजे, तुम्ही या.

रोकडा_सवाल:
टेप दुकानातली घिऊ, फायबरची, तीस मीटर. तुमचा रस्ता साडेतीस, वरचा अर्धा हातानं मोजू. आणि माझ्या पायरीपास्नं मोजायचं, पायरीच्या आतनं न्हाई.

काटेकोर:
पायरीच्या आतनंच.